चुआंगबाईंच्या घरचा कौल

सातवा महिना, ११. दुपार
तुंगशीला पोचलो. पंधराला आमच्या देवळात भुतांचं मोठं जेवण. यंदा स्टेजवर मुख्य देवऋषी मीच! अंगात कसं आणायचं ते त्या दुसऱ्या देवऋषीने, फानने, बघून घ्यावं. मागच्या वर्षी मी घुमताना स्टेजचा पडदा पेटला तो भुतांमुळे. हे सगळ्यांना मान्य आहे.

मधल्या वेळात ही किरकोळ केस. देवळाच्या कमिटीचे सेक्रेटरी ल्याव यांनी मुद्दाम माझंच नाव सुचवलं. विधवा चुआंगबाईंचे मिस्टर अस्वस्थ आहेत. त्यांच्या चपला दारातून रोज जेवणाच्या टेबलाखाली जातात. उद्या निकाल, परवा घरी.

११, ४ वाजता
इम्प्रेशन पडावं म्हणून जाहीर केलं, की कौल घेतल्याशिवाय मी निघणार नाही. निघालो तर भूत माझ्याबरोबर येईल. बाई फारच प्रभावित.

१२
चपलांवर डोळ्यांत तेल घालून पहारा. जेवणानंतरचे दोन तास सोडून. नेमक्या तेव्हाच हलल्या. निष्कर्ष: मिस्टर दुपारचे चालतात. केस सुटली.

निघायचा कौल लावला. बाईंच्या देव्हाऱ्यातल्या दोन लाकडी चंद्रकोरी. एक उताणी, एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या. नाही.

१३
पुन्हा पालथ्या. बाई म्हणाल्या, मिस्टरांचं काम अडलंय, ते उरकलं तर सोडतील. एक पाटी कालवं फोडली. अंगठा कापला.

ल्यावना फोन. म्हणाले, भुतांशी घाई नको गुरुजी, इकडचं आम्ही बघतो. समजूतदार माणूस.

१४
कौल सात वेळा. सातही वेळा नाही. बाई म्हणाल्या, अहो, देव वैतागेल. मागच्या दाराने सटकायचं ठरवलं. कुंपणापर्यंत गेलो. पण भूत खरंच मागे आलं तर? मला भुतांची भीती वाटते. हे कुठे बोलायचं नाही.

१५
चारची बस आली. गेली. आत्ता स्टेजवर फान घुमत असेल. रडू आलं. बाईंनी मिस्टरांच्या खुर्चीत बसवून रताळ्याची पेज वाढली. चपला टेबलाखाली होत्याच. मापात बसल्या.

१६
नाही.

१७
देव्हारा पुसताना (हल्ली मीच पुसतो) चंद्रकोरी उलटून पाहिल्या. दोन्हींच्या सपाट बाजूत मासे धरायच्या जाळ्याचं शिसं ठोकलेलं!

बाई जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, कमिटीच म्हणाली, पंधरापर्यंत गुरुजींना अडकवून ठेवा, यंदा पडदा नवा आहे.

 विचारलं, पंधरा तर झाली, काल का नाही सोडलंत? बाई पेज ढवळत राहिल्या. म्हणाल्या, एकटीला जेवण जात नाही हो. मिस्टरांच्या चपलाही टेबलाखाली बाईच ठेवतात. तीन वर्षं.

मग कपाटातून चंद्रकोरींची चांगली, बिनशिशाची जोडी काढून दिली. म्हणाल्या, विचारा, चारची बस मिळेल.

टाकल्या. हो. पुन्हा टाकल्या. हो. सहाव्या खेपेला एकदाचं नाही आलं.

काय करणार. उद्या दोन पाट्या कालवं आहेत.