छत्रीच्या पुड्या

५ फेब्रुवारी, शनिवार

लाजलो! वाचनालयाच्या खिडकीआड बसून तीस वर्षं पुस्तकं दिली, पण तिथं लोक मागायला यायचे. इथं बाजारात पत्रकं न मागता हातात कोंबायची. पहिल्याच बाईनं विचारलं, ‘कसला सेल?’ सेल नाही म्हटलं, बायको उभी आहे निवडणुकीला. ‘मग बसवा की तिला, दमली असेल!’ — अख्खी ओळ हसली.

आमची ही वीस वर्षं याच बाजारात शिलाई मशीन घेऊन बसते. अपक्ष उभी राहिली ती एकाच गोष्टीसाठी — बाजारात बायकांना संडास हवा. नाही म्हणून तिथली एकही बाई दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. हीसुद्धा. गेल्या वर्षी त्यापायीच आठ दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा असं झालं तर बाजार बंद. ‘हरले तर मशीन घरी आणते,’ म्हणाली. हसत म्हणाली, पण मी ओळखतो ते हसू.

निशाणी कात्री मिळाली. हिच्या शेजारी बसणारा कुलूपवाला विचारतो, ‘खिसे कापणार का?’

६ फेब्रुवारी, रविवार

पाय सुजले. ही म्हणते, ‘उमेदवार मी आणि पाय तुमचे!’ शेकायला गरम पाणी मात्र न सांगता आलं.

९ फेब्रुवारी, बुधवार

आज समोरच शत्रूपक्ष! रिटायर कंपाउंडर. मुलगा छत्री निशाणीवर उभा आहे, हे स्टुलावर बसून त्याची पत्रकं वाटतात. वाटतात म्हणजे — प्रत्येक पत्रकाची पुडी बांधून देतात! ‘जन्मभर पावडरी बांधल्या, हात ऐकत नाहीत.’ आणि गंमत अशी, की पुडी लोक हमखास उघडून बघतात. माझा कागद उघडाच, तरी कोणी वाचत नाही. हेवा वाटला.

त्यांचे गुडघे धरलेत. मीच चहा आणला. तोवर माझा गठ्ठा त्यांनी सांभाळला. माणूस वाईट नाही.

१२ फेब्रुवारी, शनिवार

चहा पिता पिता कंपाउंडर म्हणाले, ‘आमची मंडळी त्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसायची. किडन्या गेल्या. मी दवाखान्यातला माणूस, आणि मला कळलं नाही!’ आणि पुड्या बांधत राहिले. मला भरून आलं. कप द्यायला उठलो आणि उगाच दोन चकरा मारून आलो.

येऊन बघतो तर माझा गठ्ठा निम्मा! ‘वारा फार आहे हो आज,’ म्हणाले. असेल. मला तर जाणवला नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

ही म्हणते, ‘वाऱ्यानं शंभर पत्रकं उडाली आणि एकही माझ्या मशीनवर येऊन पडलं नाही? विसरला असाल कुठं तरी.’ माझ्या विसरभोळेपणावर हिचा गाढ विश्वास आहे.

१६ फेब्रुवारी, बुधवार

प्रचाराचा शेवटचा बाजार. जोरदार भांडण.

झालं असं — कंपाउंडरांचा गुडघा आखडला, दवाखान्यात जावं लागलं. जाताना पुड्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, ‘भाऊ, एवढ्या संपवाल? बायकांना आधी द्या.’ आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? माझी पत्रकं तर केव्हाच संपली होती. शब्द दिला, मग वाटल्या. दीड तास! एकच तेवढी खिशात ठेवली, घडी कशी घालतात ते बघायला. बायका पुडी उघडायच्या नि माझ्याकडं बघून हसायच्या. हसणारच! स्वतःच्या बायकोला पाडायला निघालेला नवरा त्यांनी कुठं पाहिला असेल?

हिनं मशीनवरून सगळं पाहिलं. घरी येऊन पिशवीच आपटली. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी हरले ना, तर तुमच्यामुळं!’

खरंच हरली तर? त्या मशीनशिवाय ही घरात कशी दिसेल, मला डोळ्यांपुढं आणवत नाही. चुकलंच माझं.

२० फेब्रुवारी, रविवार

मतदान झालं. ही चार दिवस अबोल्यात. पण माझी गोळी ताटाशेजारी रोज ठेवलेली.

२१ फेब्रुवारी, सोमवार

जिंकली!! अकरा मतांनी! कुलूपवाल्यानं मला उचललंच. ही सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली नि मग रडली. कंपाउंडर दिसले नाहीत. वाईट वाटलं — बापाचा जीव, त्यांना काय झालं असेल!

२३ फेब्रुवारी, बुधवार

शर्ट भिजवायच्या आधी हिनं खिसा तपासला. पुडी सापडली. उघडली, आणि माझ्यापुढं धरली. बाहेरून छत्री. आत, चौपदरी दुमडून, आमची कात्री.

म्हणजे दीड तास मी हिचीच पत्रकं वाटत होतो.

ही डोळे पुसत म्हणाली, ‘शर्ट राहू द्या. आधी त्यांच्याकडं चला.’