मदत निधीतला चिन्नोर

बाबा,

परवा शहापुरात एका लग्नाला गेलो होतो. आता पंगत नसते. टेबलावर भांडी मांडलेली असतात, ज्याने त्याने ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि हवं ते वाढून घ्यायचं. ताट हातात घेऊन मी उभा होतो आणि तुमची इतकी आठवण आली की भाजीपाशी थांबलोच. मागचा माणूस म्हणाला, "सर, पुढे चला ना." अशा जेवणात तुम्ही काय केलं असतं कोण जाणे. तुम्हाला काही कामच उरलं नसतं.

कारण पंगतीत तुमचं काम जेवणं नव्हतंच, ओरडणं होतं. वाढप्याचं काम तुम्ही कधी केलं नाही, तुम्ही बसणाऱ्यांतले. पण तुम्ही मांडी घातलीत की दोन्ही बाजूंची माणसं सावध व्हायची. तुमचं लक्ष स्वतःच्या पत्रावळीकडे नसायचं. "अवो, इकडं भात-वरण आना ना! या बुवाच्या पानावर कायीच नाई!" ही हाक मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला जायची. राइस मिलमध्ये पोती वाहताना मशीनच्या वर आवाज काढायची सवय लागलेली, तो आवाज लग्नातही खाली यायचा नाही. तो बुवा बिचारा दोन्ही हात पानावर आडवे धरून "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत त्याच्या बोटांवरून वरण वाहिलेलं असायचं. लोक हसायचे. पण तुमच्या शेजारची जागा कधी रिकामी राहिली नाही, हेही मला आठवतं.

त्या एका उन्हाळ्यात मी तुमच्या शेजारी बसलो होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, भंडाऱ्याच्या होस्टेलातून दिघोरीला सुटीत आलेला. इस्त्रीची पॅन्ट, खिशाला पेन, आणि डोक्यात हवा. पळसाच्या पत्रावळीवर वांग्या-आलूची भाजी, गरम भात, त्यात वरणासाठी केलेलं आळं. मी नीट, सभ्यपणे जेवतोय, आणि तुम्ही एकदम हाक दिलीत, "माह्या पोराले वरण टाका रे! होस्टेलात निरं पानी पेते बिचारा!" सगळी ओळ हसली. समोरच्या बाजूला बायकांची पंगत होती, तीही हसली. माझे कान तापले. उरलेलं जेवण मी मान खाली घालून उरकलं आणि तुमच्याशी एक शब्द बोललो नाही.

घरी येताना आपण बांधीतून चाललो आहोत. धान केव्हाच निघालेलं, जमीन भेगाळलेली, तुमच्या खांद्यावर दुपट्टा. मी चिडून म्हणतो, "बाबा, लोकाइच्या समोर काहून वरडता? मले पायजे असन तं मी मांगीन ना."

"तू मांगशीन?" तुम्ही हसता. "कोनीच मांगत नाई, लेका. बाजूच्यानं आवाज नाई देल्ला तं मानूस अर्ध्या पोटानं उठते, अन् वरून म्हनते, पोट भरलं."

मग थोडं चालून झाल्यावर, जराही न रागावता, तुम्ही विचारलंत, "तू माह्या बाजूले बसला होता. तुनं देल्ला का आवाज?"

बस. एवढंच बोललात. त्यानंतर घरापर्यंत तुम्ही मिलमधल्या कुठल्याशा गमतीच सांगत होतात आणि मला त्यातली एकही ऐकू आली नाही. तुम्ही आयुष्यात माझ्यावर कधी हात उचलला नाही, पण ते वाक्य मला जेवढं लागलं तेवढी छडी लागली नसती. पुढच्याच महिन्यात तुम्ही होस्टेलला आलात, फडक्यात मुरमुऱ्याचे लाडू बांधून. खोलीत शिरताच पहिलं विचारलंत, "तुह्या बाजूच्या खाटेवर कोन झोपते?" आणि पहिला लाडू त्याला दिलात. मला या वेळी लाज वाटली नाही. उलट मी त्या मुलाकडे जरा ऐटीनेच पाहिलं.

तुम्ही गेलात आणि बऱ्याच वर्षांनी एक आजार आला. तुम्हाला तो समजावून सांगायचा म्हणजे पंचाईतच आहे. सगळं जग तोंडाला फडकं बांधून घरात बसलं होतं. बाजार बंद, एसटी बंद, शाळा-कॉलेजं बंद. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो; तुम्ही मिलमधल्या लोकांना "माहा पोरगा प्रोफेसर होनार" म्हणून सांगायचात, तसाच झालो, फक्त तासिकेवरचा. म्हणजे जेवढे तास शिकवीन तेवढे पैसे. कॉलेज बंद झालं आणि आमचे पैसेही बंद झाले. पण मुलांचे हाल त्याहून वाईट होते. तेव्हा कॉलेजने माजी विद्यार्थ्यांकडून आणि पगारी प्राध्यापकांकडून वर्गणी काढून विद्यार्थ्यांसाठी तातडीचा मदत निधी उभा केला. ज्याच्या घरची कमाई थांबली त्याला परीक्षेची फी, मोबाइलचा रिचार्ज, थोडा किराणा, एवढ्यासाठी रक्कम द्यायची. परत मागायची नाही. गरजू मुलांची नावं काढायचं काम प्राचार्यांनी माझ्याकडे दिलं. म्हणाले, "खेड्यातली पोरं तुम्हालाच खरं सांगतील."

मोबाइलवर आमच्या वर्गाचा ग्रुप होता. त्यावर मी छान शुद्ध मराठीत लिहिलं, ज्यांना आर्थिक अडचण असेल त्यांनी निःसंकोच कळवावं. सगळ्यांनी वाचलं. बऱ्याच जणांनी अंगठा दाखवला, काहींनी हात जोडले. नाव मात्र एकाचंही आलं नाही.

मला सगळ्यांत काळजी होती ती करडी गावच्या एका मुलीची. शेवटच्या वर्षाची, पहिल्या बाकावरची, मला वर्गात अडवून प्रश्न विचारणारी. तिचे आईवडील आठवडी बाजारांत बांगड्या विकायचे. घरी खाण्यापुरतं धान पिकायचं, पण हातात पैसा यायचा तो बांगड्यांचाच. बाजारच भरेनात. ती मोबाइलवरच्या तासांना दोन-चारदा दिसली आणि मग दिसेनाशी झाली. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती. फॉर्म राहिला तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की आपल्याकडे मुलीचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू झाल्याचंही कानावर आलं होतं.

प्राचार्य रोज विचारायचे, "नावं आली का?" आणि मी रोज नाही म्हणायचो. एका दुपारी दारात बसलो होतो, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि मला एकदम तुमची ती मांडवातली हाक आठवली. मग मी ग्रुपवर लिहिणं सोडलं आणि एकेका मुलाला फोन लावायला बसलो. "तुझं काही सांगू नको," मी म्हणायचो, "वर्गात तुझ्या बाजूला कोण बसतं? त्याच्या घरी कसं चाललंय?"

बाबा, काय सांगू! जी पोरं स्वतःबद्दल 'सगळं ठीक हाय सर' म्हणायची, ती शेजारच्याबद्दल घडाघडा बोलायला लागली. कोणाचा बाप नागपुरात अडकलाय, कोणाचा मोबाइल विकला, सगळं बाहेर आलं. दोन पठ्ठ्यांनी मात्र एकमेकांची नावं दिली, आणि दोघांनी एकमेकांच्या घरची गरिबी इतक्या सारख्या शब्दांत रंगवली की मी विचारलंच, "ठरवून का रे?" पलीकडून हसू आलं. "हो सर. पन खोटं कायीच नाई." मी दोघांचीही नावं लिहिली. आणि करडीच्या मुलीचं नाव तर बाजूला बसणाऱ्या, मागे बसणाऱ्या, सगळ्यांनी घेतलं.

मी तिला फोन केला. भावाच्या मोबाइलवर ती आली, आणि आली ती रागातच.

"सर, माह्यं नाव कोनं देल्लं? मी मांगतलं का?"

"नाही मागितलंस, म्हणूनच दिलं. फॉर्मची फी भर, बाकीचं घरात वापर."

ती म्हणाली, "राग नका येऊ देऊ सर. आमच्या घरी भात शिजून राह्यला. घरचं धान हाय. तुमच्या घरी काय शिजून राह्यलं?"

"माझं काय त्यात?"

"कॉलेज बंद तं तुमचा पगार बंद. आमाले का समजत नाई? तुमचं नाव कोनी देल्लं का?"

"अगं, हा निधी विद्यार्थ्यांसाठी आहे."

"तं मंग मी देऊन राहिली तुमचं नाव. माह्या बाबाले. तुमी तांदूळ घ्या, मंग मी फारम भरीन. नाईतं राहू द्या."

पोरगी वर्गात प्रश्न सोडायची नाही, तशी इथेही सोडेना. मी दटावलं, समजावलं, प्राचार्यांचं नाव सांगून पाहिलं. तिची एकच अट. शेवटी मुदत आठवली आणि मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर नुसती मुदत आठवली म्हणून नाही. आमच्या घरात तेव्हा रेशनचा तांदूळ तळाला गेला होता, आणि दुकानदाराकडे पुन्हा तोंड घेऊन जायची माझी हिंमत नव्हती.

शेतीच्या कामांसाठी बाहेर पडायला जरा मोकळीक मिळाली तसे तिचे वडील मोटारसायकलवर आले. तोंडाला दुपट्टा, मागच्या सीटवर बांधलेली पिशवी. आत या म्हटलं तर आले नाहीत, फाटकापाशीच उभे राहिले. "चिन्नोर हाय सर, वासाचा तांदूळ, पाव्हन्यासाठी ठेवला होता. जुना हाय, भात मोकळा होते." मग जायला निघाले आणि वळून म्हणाले, "पोरगी फारम समोर घिऊन बसली हाय. तुमी घेतला म्हनून सांगतो मी जाऊन." तिने त्याच दिवशी फॉर्म भरला. पास झाली, पुढे बी.एड. केलं. स्थळं पाहायची राहिली ती अजून राहिलीच आहेत, आणि ती मजेत आहे.

मी पिशवी घरात नेली तेव्हा बायको रिकामे डबे पुसून ठेवत होती. पिशवीचं तोंड सोडलं आणि चिन्नोरचा वास दोन्ही खोल्यांत पसरला. "अवो, हा कुठून आनला?" तिने विचारलं. विद्यार्थिनीच्या घरून आला हे माझ्या जिभेवर येईना. मी म्हणालो, "कॉलेजनं दिला. मदत निधीतून."

मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नानंतर फार वेळा पाहिलेलं नाही. "म्हंजे कॉलेजवाल्याइनं तुमाले बी आपल्यात धरलं!" असं म्हणून तिने पदराने डोळे पुसले. दरवर्षी जूनमध्ये कॉलेज पुन्हा बोलावेल की नाही याची वाट मी पाहायचो, तेव्हा शेजारी बसून तीही पाहायची. त्या क्षणी तिला खरं सांगणं मला जमलं नाही, आणि नंतर तर ते अधिकच अवघड होत गेलं.

मी अजून तासिकेवरच आहे. मी कधी वैतागून कॉलेजला बोल लावला, तर ती मला गप्प करते. म्हणते, असं नका बोलू, कठीण वेळी चिन्नोर पाठवला होता त्याइनं आपल्या घरी.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, बाबा. होस्टेलातून मी टाकलेली पत्रं पोस्टमन ओसरीवर बसून तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा. हेही तुमच्या फोटोसमोर मोठ्यानेच वाचावं लागेल. पण पलीकडच्या खोलीत ती भात लावते आहे, आणि इकडचं सगळं तिकडे ऐकू जातं.