वन्सं, ते बरे आहेत

॥ श्री ॥

जुईनगर, १८ नोव्हेंबर २०२५

ती. वन्सं यांना, स्मिताचा सा. न. वि. वि.

हे पान हिशेबाच्या वहीतून फाडलं आहे. मी वहीचं पान कधी फाडत नाही, यावरून माझा राग ओळखा. फोन केला असता, पण दोन खोल्यांच्या घरात मी ओरडले असते आणि ह्यांनी सगळं ऐकलं असतं.

गेल्या बुधवारी ह्यांना पेसमेकर बसवला. ठोके फार हळू पडत होते, म्हणून डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काडेपेटीहून लहान यंत्र. सकाळी नेलं, संध्याकाळी स्वतःच्या पायांनी चालत घरी आले. डॉक्टर म्हणाले, जखम छोटी आहे, ठोके नीट आहेत, उगाच इथे ठेवून काय करू? मी देवापुढे साखर ठेवली. ह्यांनी मुगाची खिचडी मागून मागून खाल्ली.

आणि रविवारी तुम्ही पाठवलेले तुमचे चुलतभाऊ, भगवानभावोजी, आले. दारातच रडायला लागले. गावच्या जमिनीच्या काही सह्या राहिल्या असतील तर हात चालतोय तोवर करून टाक, असं ह्यांना तोंडावर म्हणाले. मग पिशवीतून तुमचा काशीचा गंगेचा गडू काढला, लाखेने बंद केलेला, आणि माझ्या हातात ठेवला. वन्सं, मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण तो गडू कुणाच्या तोंडात कधी रिकामा करतात ते मला कळतं. ह्यांनाही कळलं. भावोजींना जाब विचारला तर म्हणाले, ताई म्हणते, छाती कापून मशीन घालतात आणि त्याच दिवशी घरी धाडतात, असं कुठे असतं? डॉक्टरांनी हात टेकलेत, स्मिता लपवते आहे.

तेव्हापासून हे धड जेवत नाहीत. आमच्या अबोलीला पुण्याहून बोलावून घेतलं आणि पोरीला लॉकरची किल्ली दाखवली. डॉक्टरांनी तुला बाहेर नेऊन काय सांगितलं, हेच माझ्यामागे टुमणं. डावा हात खांद्याच्या वर उचलू द्यायचा नाही, एवढंच सांगितलं म्हटलं, तर माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघतात. लहानपणापासून तुम्ही म्हणाल तेच खरं ना!

आजाराने नाही, तुमच्या रडण्याने जाईल माझा माणूस. गडू देवघरात ठेवलाय. गंगाच ती, फेकता येत नाही. पण रोज तिला हात जोडताना तुमचा राग येतो, आणि ते पाप तुमच्या खाती. आपल्या हाताने भावाला लिहा, की मी चुकले. बाकी काही नको.

लोभ आहेच, सध्या मात्र तो दिसणार नाही.

स्मिता


राजापूर, २४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. स्मितास, सखूताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. इतकं तिखट लिहायला कुठल्या शाळेत शिकवलं गं तुला? माझ्या भावाची छाती कापली आणि मला ते दुसऱ्या दिवशी भगवानकडून कळावं? आईमागे त्याला मी वाढवला. आधी एक फोन करायला तुझ्या जिभेला काय झालं होतं?

तुला ठाऊक नाही ते सांगते. बाबांना रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आणलं. काका हसत हसत म्हणाले, काही नाही, घरी न्या म्हणाले, हवं ते खाऊ दे. मी शेजारीपाजारी साखर वाटली. रोज गोडधोड करून घातलं. तुझा हा दीना तेव्हा माझ्या कडेवर. बाबा गेले तेव्हा समजलं, सगळ्या वाडीला माहीत होतं, फक्त मला नाही. पोर ना मी! तेव्हापासून कुणाला लवकर घरी सोडलं म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. आणि मी फोन केला तर तूही हसून काही नाही म्हणालीस.

तो गडू माझ्या स्वतःच्या तोंडात पडावा म्हणून आणला होता. तो मी त्याला दिला, आणि तू म्हणतेस मरण पाठवलं.

मी चुकले असं लिहिणार नाही. चुकले की नाही, ते मला कुठे ठाऊक? बरा असेल तर त्याच्या तोंडून कळू दे.

माझ्यावर खुशाल फुगून बस, पण त्याला जप.

सखूताई


जुईनगर, ३ डिसेंबर २०२५

ती. वन्सं यांना, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लपवलं नाही, ह्यांच्याच हातात दिलं. वाचता वाचता उठून बसले आणि तोंड सुटलं ते माझ्यावरच! ताईला आधी का कळवलं नाहीस म्हणून ओरडले. आता ऐका वन्सं. कळवायचं नाही, अशी शपथ ह्यांनीच मला घातली होती. म्हणे ताई दुखरे गुडघे घेऊन एसटीने धावत येईल. मी शपथ पाळली, तुमची बोलणी खाल्ली. हे सुनावलं तर म्हणतात, शपथ काय, मोडायची!

काल टाके दाखवायला बेलापूरला गेलो. मला बाहेर बाकावर बसवलं आणि एकटे आत गेले, बायको नसताना डॉक्टरांनी खरं सांगावं म्हणून. मी नाम घेत बसले, पण लक्ष दाराकडे. बाहेर आले ते लालबुंद. जखम भरली, ठोके नीट. डॉक्टरांनी उलट विचारलं म्हणे, उपाशी राहून यंत्राची परीक्षा घेताय का? मग ह्यांनी खालच्या कॅन्टीनमध्ये दोन प्लेट इडली खाल्ली. बाहेरचं खाल्लेलं मला चालत नाही, तरी पैसे मीच दिले.

आणि परतताना रिक्षात माझ्याशी अवाक्षर नाही. अख्खा संसार केला, माझा शब्द पुरला नाही. कालच्या पोरसवदा डॉक्टरचा पुरला. वन्सं, तुम्हाला पोर म्हणून कुणी खरं सांगितलं नाही, आणि मी खरं सांगितलं तर बायको म्हणून कुणी ऐकलं नाही. तुमचं पत्र वाचल्यापासून माझा निम्मा राग तुमच्यावरून उठून ह्यांच्यावर जाऊन बसलाय.

ते बरे आहेत, हे काल फोनवर त्यांच्या तोंडून तुम्हाला कळलंच. दोघं बहीणभाऊ रडलात, तेही ऐकलं. तेव्हा आता त्यांना बघायला येऊ नका. माझ्याशी भांडायला या. फोनवर नीट भांडता येत नाही, आणि ह्यांच्याशी भांडायला मला अजून धीर होत नाही. बसायला जागा मिळेल त्याच गाडीने या. तुमचं अंथरूण माझ्याशेजारी घालते. ह्यांना बाहेरच्या खोलीत झोपू दे.

वाट बघते आहे, रागातच.

तुमची,
स्मिता