कवेलूची जमीन

१२ ऑगस्ट १९५६
विहीन शकुबाईचा निरोप आला. ‘तुमच्या घरी ओल. खोलीची जमीन पक्की करा, मंगच कमळीले बाळंतपनाले धाडतो.’ वा! हे बाई सोता राजवाड्यात बाळंत झाली होती का? पन पोरगी तिच्या हाती. पयलं बाळंतपन मायेरीच व्हावं. सातवा सरून राह्यला.

१४ ऑगस्ट
सिमेंटाचे पोते आनले. रेती कुठून आनू? वैनगंगा भरून चालली. देवाजी मिस्त्री म्हने, ‘बाई, दिवाळीपावतर थांब.’ म्या म्हटलं, ‘पोट थांबते का?’ अन् या ओलीत सिमेंट तरी थांबते? गोटा होऊन जाईन.

१७ ऑगस्ट
पडक्या गोठ्याच्या छपराचे कवेलू कुटून राह्यली. चाळलं का लाल भुकटी निघते— सुरखी. रेतीच्या जागी हेच. देवाजी हासते, ‘तिखट कुटून राह्यली का बाई!’ हासू दे.
कमळीले मी मुसळ धरू देत नव्हती. तिकडं रोज धान कांडते म्हनतात. या दिवसांत बी!

२१ ऑगस्ट
सत्यानास! कोपऱ्यात घातलेलं बोटानं उकरून निघते. मलेच उमजलं— नवा माठ पयले पान्यात बुडवतो, नाई तं भरलेलं पानी पिऊन टाकते. कवेलू बी मातीचेच. कोरडी सुरखी सिमेंटाचं पानी पिऊन बसली!

२२ ऑगस्ट
सुरखी भिजवली. उकरलं, पुन्हा घातलं. कंबर गेली.

३० ऑगस्ट
घट्ट! टाच आपटून पाह्यली. विहिनीले निरोप धाडला— ‘पोळ्याआधी पोरगी पाठवा.’
मंग तिथीच बसली. लाल जमीन, गार. कमळी लहानपनी निजताना माह्या पदराची गाठ धरून निजे. माही झोप मोडे, मी रागवत होती. आता पदर आपला मोकळा.

२ सप्टेंबर
जबाब नाई. बैलबंडी वाजली का उठतो. मीठवाल्या गुणवंतरावाची होती! ‘काऊन बाई, कोनाची वाट पाह्यतं?’ म्या म्हटलं, ‘तुह्या मिठाची!’

४ सप्टेंबर, पोळा
कमळी आली. पायी, एकटी, गठुडं घेऊन. ‘कोनी धाडलं नाई, माय. या पोटानं धान कांडून कांडून थकली, पळून आली. आता तिकडं जात नाई.’
म्या दार लावून घेतलं. लय आनंद झाला मले. कोनाले सांगायचं नाई.