आवळासुपारीला झालेला फ्लू

ईसा टाउन, बहरीन

आदरणीय अंजनामामीस,

सविनय जयभीम. आम्ही इथे खुशाल आहोत (आमची लेक मैत्री तर इतकी खुशाल की मराठीत काहीही विचारा, "फाइन, पप्पा" एवढंच म्हणते). शामरावमामांचा गुडघा काय म्हणतो? फोनवर सांगितलं तर तू मध्येच ओरडशील, म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतोय. तू पाठवलेला आवळासुपारीचा डबा पोचला. का पोचला, असं आता वाटतं, कारण त्याच्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली.

तुला सांगितलं होतं ना, अदलियातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही फ्लूचा विषाणू ओळखणारी पट्टी बनवतोय? तिच्यावर लाळेचा थेंब टाकायचा. विषाणू असला की पट्टीतला बारीकसा वीजप्रवाह बदलतो आणि मोबाइलवर लाल खूण येते. ना लॅब लागते, ना फ्रीज. मागच्या वर्षी तालुक्याहून मामांच्या तापाचा रिपोर्ट येईपर्यंत मामा बरे होऊन एका लग्नात जेवूनही आले होते. आपण सगळे हसलो, पण मी आतून घाबरलो होतो. तेव्हापासून या पट्टीमागे हात धुऊन लागलोय. सोमवारी कंपनीत पैसे घालणारे मोठे पाहुणे ती बघायला येणार होते. पट्टी चालली तर काम पुढे, आणि माझा व्हिसाही, नाहीतर खलास.

सगळे ताणात होते, म्हणून मी मोठ्या मनाने तुझा डबा फिरवला. साहेबांनी तर मूठभर घेतली (बहरिनी माणूस, पण तोंडाला पाणी आपल्यासारखंच सुटतं). मग पाहुण्यांसमोर आम्हा धडधाकट माणसांची तपासणी झाली. साहेब लाल. रिसेप्शनवरची कश्मिरा लाल. मी लाल. पाहुण्यांनी आधी मास्क लावले, मग दार गाठलं. हिरवा निघाला एकटा जैनुद्दीन ड्रायव्हर, जो सकाळपासून शिंकत होता (त्याची सर्दी साधी होती, आणि दाढ दुखते म्हणून सुपारी त्याने खाल्लीच नव्हती).

तिथे मला शंका आली. ग्लासभर पाण्यात सुपारी भिजवली आणि त्याचा थेंब टाकला. पाण्यालाही फ्लू! आवळ्यातलं क जीवनसत्त्व विषाणूसारखाच प्रवाह बदलून पट्टीला फसवतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकातला आवळा आणि मामीचा आवळा एकच, हे वेळेवर कुठे सुचतं? तेव्हा हात जोडून विनंती, यापुढे सुपारी पाठवू नकोस.

मामांना जयभीम, आणि गुडघ्याला आराम सांग.

तुझा,
अनिरुद्ध

ता. क. : साहेबांनी जाब विचारला तेव्हा घाबरून माझ्या तोंडून निघालं की पट्टीची परीक्षा घ्यायला हा नमुना भारतातल्या आमच्या सल्लागार डॉ. अंजना यांनी मुद्दाम पाठवला होता. साहेब इतके खूश झाले की त्यांनी पाहुण्यांनाही तसंच कळवलं. पाहुणे पुन्हा यायला तयार आहेत, पण आधी रविवारी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलायचं म्हणतात. मामी, माझी अब्रू तुझ्या हातात आहे. मामांचा चष्मा लाव. पद्धत विचारली तर खरीच सांग : आवळा किसायचा, मीठ लावायचं, उन्हात वाळवायचा. त्याचं इंग्रजी मी करतो.

ता. क. दुसरा : वर सुपारी पाठवू नकोस असं लिहिलंय, ते खोडलेलं समज. मोठा डबा पाठव. सुपारी खाल्लेल्या तोंडातही पट्टी खरं बोलली तरच ती आपल्या गावात चालेल. तिथे तू कुणाला रिकाम्या तोंडाने घराबाहेर सोडतेस?