रुबीची गाठ

१४ मार्च १९७४, गुरुवार. दुपारी सव्वाचार.
याच वेळी कळलं. जनावरांच्या कॉलेजचं प्रदर्शन, एका बरणीपुढे. चिठ्ठी: ‘माकडीण, पाळीव, धंतोली. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ.’ आमच्या धंतोलीत पाळलेली माकडीण एकच. माझी रुबी. माहिती सांगणारी पोरगी म्हणाली, या गाठीनं केस गळतात, पोट सुटतं. मालकीणबाईंना मात्र वाटलं, आपल्याच खाऊनं मेली, असंही तीच म्हणाली. लोक हसले. मी त्यांच्यातच उभी.

१५, शुक्र.
डॉ. सुधाकर, त्याच कॉलेजातला, रुबीचा डॉक्टर. लहानपणी शाळेत माझाच विद्यार्थी, शेंबूड पुसायला रुमाल मी द्यायची. संक्रांतीला रुबी गेली, तेव्हा विचारलं होतं, कशानं? “लाडानं, बाई. चरबी फार झाली होती.” तिला कापणार नाही, हा शब्दही त्याचाच. दुसऱ्या दिवशी पुरायला म्हणून खिळे ठोकलेली पेटी पाठवली.
तेव्हापासून गल्ली ऐकवते. शेजारची यमुना तर तोंडावर म्हणाली, “काहून रडता वं बाई, तुम्हीच त तिले पेढे चारू चारू मारलं.”
खरंच वाटलं होतं मला.

१६, शनि.
कॉलेजात गेले. सु. मीटिंगमध्ये. बाहेर आला तो हसत. म्हणे अशी गाठ माकडात क्वचित मिळते, विज्ञानाचं काम झालं. बरं. मग माझ्याशी खोटं बोललास ते कुठल्या विज्ञानात बसतं? आणि पेटीत काय भरलंस?
साहेब घड्याळ बघू लागले.

१९, मंगळ.
पेटी उकरायची सोय नाही. गल्लीनं गुलाल उधळत, रामनाम घेत ती कडुनिंबाखाली पुरली. मारुतीचं रूप ना. वर दगड, दगडाला शेंदूर. आजही दिवा लागला. यमुना म्हणते, शनिवारी गवंडी येऊन राहिला, ओटा बांधू. थांबा म्हटलं, तर “काहून?”
काय सांगू, आत भुसा असेल?
लहानपणी मिशनच्या शाळेत नन्सनी शिकवलं, दगडाला हात जोडू नयेत. मी रोज जोडले. मारुतीसाठी नाही. रुबीची माफी मागायला.

२०, बुध.
सुधाकरला चिठ्ठी, माणसाहाती. दोनच प्रश्न. रुबी माझ्या खाऊनं मेली की गाठीनं? पेटीत कोण आहे? उत्तर लेखी, सहीनिशी, शनिवारी सकाळी नऊच्या आत.
नऊला गवंडी येतो.