परक्याची घरपट्टी

शुक्रवार, मार्च २००९, अल कुसैस, दुबई

दुसऱ्याची थकलेली घरपट्टी आपण भरली, तर ती मदत होते की धंदा?

बाबांचे मित्र जोशीकाका दुपारी लॅपटॉप घेऊन आले. त्यांची योजना अशी: अमेरिकेत कुणाची घरपट्टी थकली की ती आपण सरकारला भरायची. मालकाने फेडली तर व्याज मिळतं, नाही फेडली तर घरसुद्धा मिळू शकतं. स्क्रीनवर असंच एक घर होतं, अंगणात लाल सायकल.

"आत कोणी राहतं का?" मी विचारलं.

"अगं, पैसे फेडायला मुदत असते त्यांना. तू भावनेत नको वाहूस," काका म्हणाले.

"पाच हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ सत्तर हजार रुपये," बाबा म्हणाले. पगार कापल्यापासून ते कुणाचंही ऐकतात. "घरात पदवीधर तू एकटी. तू सांग." पण मी काही बोलण्याआधीच त्यांनी पुढच्या तारखेचा चेक काकांना देऊनही टाकला, घरभाड्याचे देतात तसा.

व्यवहार कायदेशीर आहे, मान्य. पण ती सायकल कुणाची? गेल्या महिन्यात भाड्याचा चेक एवढ्यात बँकेत टाकू नका म्हणून बाबा घरमालकाला विनवत होते, तेव्हा आम्हीही मुदतीवरच होतो ना?

संध्याकाळी बाबांना न विचारता काकांकडे गेले, आम्हाला आत्ता जमणार नाही असं सांगून चेक परत आणला आणि घरी येऊन बाबांसमोर फाडला.